श्रीलंकेत दहा दिवस: माळावर शिकलेल्या पक्षीनिरीक्षकानं सहल कशी आखावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही चौघं अंबाजोगाईचे. गेली काही वर्षं नाथसागर, येडशीचं रान आणि आसपासचे पाझर तलाव नेमानं फिरताय. आता पहिल्यांदाच पक्षी बघायला देशाबाहेर निघालाय. श्रीलंका ठरलीय, हातात दहा दिवस आहेत आणि प्रवास कंपनीनं कोलंबो, सिगिरिया, कँडी, नुवारा एलिया, याला, गॉल असा कार्यक्रम दिलाय. यात पक्षी नीट बघून होतील का, आणि निघण्याआधी काय तयारी करावी, हे तुम्हाला हवंय.

या कार्यक्रमात पक्षी नीट बघून होणार नाहीत. पण कार्यक्रम बदलणं सोपं आहे, त्याकडे नंतर येऊ. मी परभणीकडचा आहे आणि बरीच वर्षं आपल्या भागातल्या मंडळींना घेऊन तिकडं जातोय. त्यामुळं मला जास्त काळजी वाटते ती आपल्या सवयींची. आपण उघड्यावर पक्षी बघायला शिकलेली माणसं. नाथसागरावर ट्रायपॉडवर स्कोप लावला की अर्धा किलोमीटर लांबचा थापट्या ओळखू येतो. माळावर भोवत्या दिसला तर तो नजरेआड होईपर्यंत त्याची उडण्याची ढब न्याहाळता येते. आपले डोळे तयार आहेत, दूरची नजर पक्की आहे. कान मात्र आपण फारसे वापरलेलेच नाहीत, कारण गरज पडली नाही. श्रीलंकेत जे पक्षी जगात दुसरीकडं कुठंच नाहीत, त्यांतले बहुतेक राहतात नैर्ऋत्येकडच्या ओल्या सदाहरित जंगलात. आपल्याकडं वर्षाला सरासरी सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर सिंहराजच्या जंगलात तीन ते पाच हजार. तिथं दहा फुटांपलीकडं पान आणि सावली यांशिवाय काही दिसत नाही. पक्षी दोन सेकंद फांदीवर येतो आणि जातो. नाथसागरावर पन्नास जाती सहज नोंदवणारी माणसं तिथल्या पहिल्या सकाळी चार नावं लिहून गप्प बसलेली मी बघितलीत. त्यांच्या अभ्यासात काही कमी नव्हतं, तो अभ्यास दुसऱ्या प्रकारच्या जमिनीवर झालेला होता.

कानाचं महत्त्व किती, याचं तिथलंच उदाहरण देतो. सेरेंडिब स्कॉप्स आऊल हे तांबूस रंगाचं लहानसं घुबड फक्त श्रीलंकेत आढळतं. दीपल वरकागोडा या तिथल्या पक्षीतज्ज्ञांना 1995 मध्ये कितुलगलाच्या जंगलात एक अनोळखी आवाज ऐकू आला. तो पक्षी प्रत्यक्ष दिसायला 2001 साल उजाडावं लागलं, आणि शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं 2004 मध्ये. ज्या माणसाचा कान त्या जंगलात मुरलेला होता, त्यालासुद्धा आवाजापासून पक्ष्यापर्यंत पोचायला सहा वर्षं लागली. मग आपण आवाजांची काहीच ओळख नसताना तिथं उभे राहिलो तर काय हाती लागणार?

म्हणून माझ्या मते तुमच्या सहलीची सगळ्यात मोठी तयारी इथंच, घरी व्हायला हवी. जायला चार-पाच महिने असतील तर आठवड्याला एकच आवाज पक्का करा. ध्वनिमुद्रणं झेनो-कँटो आणि ईबर्ड या संकेतस्थळांवर फुकट ऐकायला मिळतात. सुरुवात दुर्मीळ पक्ष्यांपासून करू नका. जे आवाज दिवसभर कानावर पडत राहणार, ते आधी ओळखीचे करून घ्या, म्हणजे त्यांतून वेगळा आवाज चटकन उठून येईल. आपल्या तपकिरी डोक्याच्या तांबटाची कुटर्र-कुटर्र तुम्हाला माहीत असेलच. तो तिथंही आहे, आणि त्याचाच भाऊबंद यलो-फ्रंटेड बार्बेट सिंहराजच्या बाजूला सकाळपासून संध्याकाळपर्यंत थांबत नाही. हा एक आवाज डोक्यात बसला की निम्मा गोंधळ कमी होतो. त्यानंतर ऑरेंज-बिल्ड बॅबलर आणि श्रीलंकेचा तुरेवाला कोतवाल. हे दोन का, ते आता सांगतो, कारण सिंहराजची सगळी गंमत तिथं आहे.

त्या जंगलात पक्षी सगळीकडं सारखे विखुरलेले नसतात. ते मिश्र थव्यानं फिरतात. सरथ कोटगामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंहराजमध्ये या थव्यांचा दीर्घकाळ अभ्यास केलाय. एका थव्यात सरासरी चाळीसच्या आसपास पक्षी आणि अकरा-बारा जाती असतात. थव्याचा गाभा म्हणजे ऑरेंज-बिल्ड बॅबलर, आपल्या सातभाईंचे नातलग. ते खालच्या-मधल्या झाडोऱ्यातून सतत कलकलाट करत पुढं सरकतात. त्यांच्या वर कोतवाल पहाऱ्याला असतो. धोका दिसला की ओरडतो, दुसऱ्या पक्ष्यांच्या आवाजाची नक्कल करतो. या दोघांच्या आसऱ्यानं बाकीचे येतात: जमिनीलगत ॲशी-हेडेड लाफिंगथ्रश, खोडावर लाल पाठीचा सुतार, मधल्या फांद्यांत ट्रोगॉन, आणि शेंड्याला अगदी मुकाट्यानं सरकणारा रेड-फेस्ड मलकोहा. हा मलकोहा बहुधा ओरडतच नाही. तो हवा असेल तर बॅबलरचा कलकलाट ओळखायचा आणि थवा डोक्यावर आला की नजर सर्वांत वरच्या पानांवर ठेवायची. थवा दोन तास येत नाही, मग येतो आणि दहा मिनिटांत निघून जातो. ती दहा मिनिटं कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये घालवली तर गेलीच. म्हणून मी गटाला सांगतो, पहिला थवा फक्त दुर्बिणीनं बघा, कॅमेरा गळ्यातही घेऊ नका.

याचा सराव आपल्याकडंच करता येतो. ओढ्याकाठी सातभाईंचा घोळका चालला की त्याच्या मागं कोतवाल असतो. कधी टकाचोर असतो, कधी सुतार. पुढच्या रविवारी येडशीला गेलात तर पाण्याच्या कडेला न बसता अशा एका घोळक्याच्या मागं तासभर फिरा. आधी डोळे मिटून ऐका, कोण कोण आहे ते मनात मोजा, मग दुर्बीण लावून पडताळा. सदाहरित जंगलाची हवा आपण इथं आणू शकत नाही, पण ही सवय आणू शकतो, आणि ती तिथं कामाला येते.

आता महिना. श्रीलंकेला दोन मोसमी पाऊस. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा, जो नेमका सिंहराज आणि कितुलगलाला झोडपतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा, तो पूर्वेकडं आणि उत्तरेकडं पडतो. मधल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही सरी जोरदार असतात. ओल्या जंगलासाठी जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्च हा काळ सर्वांत बरा. याच काळात उत्तरेकडून आलेले हिवाळी पाहुणेही तिथं असतात. मला स्वतःला फेब्रुवारी आवडतो. नाताळ ते नवीन वर्षाच्या गर्दीत खोल्या महाग होतात. एप्रिलच्या मध्यावर सिंहली-तमिळ नववर्ष असतं, तेव्हा गाड्या मिळत नाहीत आणि नुवारा एलिया माणसांनी भरून जातं. आणखी एक बारीक गोष्ट: तिथं प्रत्येक पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते, त्या दिवशी उद्यानांत स्थानिक लोकांची गर्दी होते. तारखा ठरवताना पंचांग बघा आणि पौर्णिमेला शक्यतो प्रवासाचा दिवस येऊ द्या.

कार्यक्रमाकडं येतो. नकाशावर श्रीलंका साधारण 65 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या मराठवाड्याएवढीच. त्यामुळं दहा दिवसांत सगळं होईल असं वाटतं. पण डोंगराळ भागात गाडी तासाला तीस-पस्तीस किलोमीटरच्या वर सरकत नाही. नुवारा एलियाहून विमानतळ गाठायला साधारण पाच तास लागतात. तुमच्या कंपनीच्या कार्यक्रमात जवळपास रोज सकाळी गाडी सुटते, आणि पक्ष्यांची खरी वेळ सकाळी सहा ते नऊ. म्हणजे नेमकी तीच वेळ तुम्ही काचेआड बसून घालवणार. माझा एकच नियम: मुक्काम कमी, प्रत्येक ठिकाणी किमान दोन सकाळी, आणि प्रवास दुपारी.

मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. विमानतळावरून, म्हणजे कटुनायकेहून, थेट कितुलगला, दोन रात्री. तिथून सिंहराजची कुडावा बाजू, तीन रात्री. मग वाटेत उडावलावे किंवा तिस्समहारामला एक रात्र, नुवारा एलियाला तीन रात्री, आणि शेवटची रात्र विमानतळाजवळ निगोंबोला. सिगिरिया, कँडी आणि गॉल यात नाहीत. सिगिरियाचा किल्ला बघण्यासारखा आहे, त्यात शंका नाही. पण त्यासाठी दोन दिवस जातात आणि ते दोन दिवस सिंहराजच्या वाट्याचे असतात. सोबतच्या कुणाला तो बघायचाच असेल तर दहाचे बारा दिवस करा, सिंहराजची रात्र कमी करू नका.

सिंहराजमध्ये कुडावा बाजूच का? दक्षिणेकडून डेनियायाच्या अंगानंही आत जाता येतं, आणि जंगल तिकडंही सुंदर आहे. पण कुडावाकडून आत जाणारी वाट रुंद आहे. 1970 च्या दशकात इथं प्लायवुडसाठी लाकूडतोड झाली, ती पुढं थांबवली गेली आणि 1988 मध्ये सिंहराज जागतिक वारसा यादीत आलं. त्या वेळचा लाकूड वाहायचा रस्ता आज पायवाट झालाय. रुंद वाटेमुळं डोक्यावर थोडं आभाळ दिसतं आणि थवा वाट ओलांडताना नीट पाहता येतो. संशोधन केंद्राच्या परिसरात ब्लू मॅगपाय माणसांना बऱ्यापैकी सरावलेले आहेत. स्परफाऊल हा जमिनीवर वावरणारा कोंबडीच्या कुळातला पक्षी मात्र फार लाजरा. नर-मादीचा चढत जाणारा दुहेरी आवाज ऐकू येतो आणि पक्षी दिसत नाही. तो बघण्याची सगळ्यात भरवशाची जागा जंगलात नाही, गावातल्या एखाद्या घराच्या परसात असते, जिथं ते पहाटे दाणे टिपायला येतात. ही माहिती स्थानिक मार्गदर्शकालाच असते.

याला राष्ट्रीय उद्यान माझ्या यादीत का नाही, हे तुम्ही विचारणारच. तिस्समहारामचे तलाव, बुंदलाचा खाजणप्रदेश, उत्तरेकडचं मन्नार, सगळं उत्तम आहे. बुंदला तर 1990 पासूनचं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. पण तिथले बरेच पाणपक्षी तुम्ही नाथसागरावर बघता. ज्यांनी कधी पाणथळ पाहिलीच नाही त्यांना मी आधी तिथं नेईन, तुम्हाला नेणार नाही. बिबट्याची ओढ असेल तर यालाला एक सफारी करा, फक्त ती पक्ष्यांसाठी आहे असं समजू नका. जीपगाड्यांच्या रांगेत पक्ष्यासाठी कुणी थांबत नाही. उडावलावेला हत्ती आणि मोर भरपूर दिसतात, आणि ओल्या जंगलानंतर मोकळं रान बघून डोळ्यांना विसावा मिळतो, एवढ्यासाठी ती एक रात्र ठेवलीय.

नुवारा एलियाच्या तीन रात्री मला फार महत्त्वाच्या वाटतात. गाव 1,800 मीटरच्या वर आहे आणि हॉर्टन प्लेन्सचं पठार 2,100 च्याही वर. यलो-इअर्ड बुलबुल, डल-ब्लू फ्लायकॅचर, डोंगरातला श्रीलंका व्हाइट-आय ही मंडळी इथली. श्रीलंका व्हिसलिंग थ्रशसाठी पठारावरच्या अरेंगा पूल नावाच्या डबक्याशी उजाडायच्या आत पोचावं लागतं. उजेड पडला की तो झुडपात जातो आणि दिवसभर दिसत नाही. एका पहाटेत तो मिळतोच असं नाही, म्हणून दोन पहाटा राखून ठेवल्यात. रात्री कडाका पडतो, फेब्रुवारीत दंवही गोठतं, तेव्हा स्वेटर आणि कानटोपी लागणारच.

गावात व्हिक्टोरिया पार्क नावाची बाग आहे. तिथं हिवाळ्यात काश्मीर फ्लायकॅचर आणि पाईड थ्रश येतात, आणि आपला नवरंगही. पावसाळ्याच्या तोंडाशी आपल्याकडच्या रानांत शीळ घालणारा हा पक्षी थंडीत दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत असतो. संध्याकाळी अंधारून यायच्या वेळी त्या बागेतल्या ओढ्याच्या कडेला उभं राहा. जूनमध्ये आपल्या रानात ज्याला ऐकलं, त्याची हिवाळ्यातली जागा आपल्या डोळ्यांनी बघितली की पुढच्या पावसाळ्यात त्याच्याकडं बघायची नजरच बदलते. माझ्यासोबत आलेल्या अनेकांना सगळ्या यादीत हीच भेट सर्वांत जास्त लक्षात राहिलीय.

मार्गदर्शकाबद्दल थोडं सविस्तर, कारण पैसे वाचवायला लोक इथंच काटछाट करतात. तिथं चालक-मार्गदर्शक सहज मिळतो. तो परवानाधारक असतो, रस्ते आणि मंदिरं त्याला माहीत असतात. पक्ष्यांचा मार्गदर्शक निराळा. ठरवण्याआधी त्याला विचारा की सिंहराजला कुठल्या बाजूनं आणि किती रात्री ठेवणार. एक रात्र म्हणाला तर दुसरा शोधा. मग सेरेंडिब घुबड कसं दाखवणार ते विचारा. चांगला माणूस सांगतो की दिवसा त्याच्या बसायच्या जागा स्थानिक लोकांकडून माहीत करून घेतो आणि लांबून दाखवतो. रात्रभर आवाज वाजवून बोलावतो असं कुणी म्हणाला तर त्याच्यासोबत जाऊ नका. मोजक्याच जंगलांत उरलेल्या या पक्ष्याला रोज नव्या गटासाठी ध्वनिमुद्रण वाजवून हाकेला लावणं म्हणजे त्याचा शिकारीचा आणि विणीचा वेळ खाणं. हे मी मनापासून सांगतो: घुबड नाही दिसलं तरी चालेल, पण तुमच्या गटासाठी स्पीकर वाजवू देऊ नका. सिंहराजमध्ये वन खात्याचा माणूस सोबत घ्यावाच लागतो. त्याला पक्षी माहीत असतात, त्याला घाई करू नका आणि निघताना योग्य बक्षिसी द्या.

सामानात स्कोप नको. ओल्या जंगलात तो ओझंच होतो. दुर्बीण दहापेक्षा आठपट बरी, 8×42 असेल तर उत्तम, कारण अंधाऱ्या जागी ती जास्त उजेड देते आणि पक्षी चटकन सापडतो. रेनकोट अंगात घातला की वाफ निघते, त्यापेक्षा साधी छत्री घ्या. जळवांसाठी घट्ट विणीचे गुडघ्यापर्यंतचे लीच-मोजे तिथंही मिळतात. पक्षी ओळखायला मदत करणाऱ्या मर्लिन ॲपमधला श्रीलंकेचा संच घरूनच उतरवून ठेवा, जंगलात रेंज नसते. पण त्याचं ऐकून नाव लिहू नका. त्यानं सुचवलेलं नाव आणि तुम्ही पाहिलेला पक्षी जुळला तरच नोंद करा. एखादं पीस, शिंपलं किंवा फुलपाखरू आठवण म्हणून उचलू नका, तिथला वन्यजीव कायदा कडक आहे आणि विमानतळावर तपासणी होते.

मलेरियाची धास्ती नको, जागतिक आरोग्य संघटनेनं 2016 मध्ये श्रीलंका मलेरियामुक्त जाहीर केलीय. डेंग्यू मात्र आहे, तेव्हा डास दूर ठेवायचं मलम सोबत असू द्या. तुमच्यात शाकाहारी असतील तर एक लक्षात ठेवा: तिथल्या नारळाच्या संबोलात आणि पुष्कळ भाज्यांत वाळवलेल्या मालदीव माशाचा चुरा घालतात. भाजी शाकाहारी दिसते पण नसते, प्रत्येक ठिकाणी आधी विचारा. भात, मसुराची परिप्पू आणि शेंगदाण्याची आपली चटणी, एवढ्यावर दहा दिवस निभावतात. व्हिसाचे नियम आणि शुल्क अधूनमधून बदलतात, ते तिकीट काढायच्या आदल्या आठवड्यात सरकारी संकेतस्थळावर बघा. कोलंबोला थेट विमान मुंबई आणि चेन्नईहून आहे. तुम्हाला हैदराबाद सोयीचं पडत असेल तर तिथून थेट मिळतंय का तेही तपासा.

आता मला माहीत नसलेल्या, तुम्हीच ठरवायच्या गोष्टी. चौघांपैकी कुणाचे गुडघे दुखत असतील तर सिंहराजला पायथ्यापासून वाट चढण्याऐवजी फाटकापर्यंत जीप करा. त्यानं पक्षी कमी होत नाहीत. कुणाला फक्त फोटो हवे असतील आणि कुणाला यादी, तर सकाळी एकत्र आणि दुपारी वेगळं, हे निघण्याआधीच ठरवा, तिथं गेल्यावर त्यावरून कुरबुरी होतात. कुटुंब सोबत असेल तर माझा हा सगळा कार्यक्रम त्यांना जड जाईल. मग नुवारा एलियाला तळ ठेवा, ते पहाटे झोपू देत, तुम्ही पठारावर जा, आणि सिंहराजला तिघं-चौघंच वेगळं जाऊन या. फक्त श्रीलंकेतच आढळणाऱ्या पक्ष्यांचा आकडा तिशीच्या पुढं आहे, नेमका किती ते कोणतं वर्गीकरण मानता त्यावर ठरतं. पहिल्या खेपेला त्यांतले पंचवीस दिसले तर फार झालं. सगळेच हवेत असं ठरवून निघालात तर ग्रीन-बिल्ड कूकलसारख्या झुडपात दडणाऱ्या एका पक्ष्यामागं अख्खी सकाळ जाते आणि समोरचा थवा बघायचा राहतो.

कुठला महिना जमतोय आणि सोबत कोण आहे, एवढं कळवा. त्याप्रमाणं कितुलगलाची एक रात्र कमी करून ती नुवारा एलियाला द्यायची की सिंहराजला, ते सांगतो. तोपर्यंत कंपनीला आगाऊ रक्कम भरू नका, आणि ऑरेंज-बिल्ड बॅबलरचा आवाज ऐकायला आजपासून सुरुवात करा.